नाक गेलेला मिस्त्री

आधीच सांगतो

मी डॉक्टर नाही अन् लेखक तर नाहीच नाही. गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये उसन्या धानाचा मिस्त्री आहे, म्हणजे धान भिजवून वाफेवर उकडून देणारा माणूस. करोना झाला, दवाखान्यातून जिवंत परत आलो, पण नाक तिकडेच राहून गेलं. माझी मुलगी प्रणाली गावात आशा वर्कर आहे. तिच्याकडे कितीतरी दिवस लोक येत होते, दबक्या आवाजात सांगत होते, "बाई, मले वास नाई येत, पन कोनाले सांगू नको." ती मला म्हणाली, "बाबा, तुमी लिहून काढा. दुसऱ्याचं वाचून लोकायले धीर येते." मी म्हणालो, "मले शिव्या देल्याबिगर लिहिता येत नाई." ती म्हणाली, "द्या. मी खोडीन." तेव्हा जिथे कोरडं वाटेल तिथे तिनं खोडलंय असं समजा.

नाकाचं काम

उसना करणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. धान गरम पाण्यात हौदात भिजवायचा, मग पाणी काढून खालून वाफ सोडायची, मग काढून उन्हात वाळवायचा अन् नंतर भरडायचा. असा तांदूळ मशीनमध्ये तुटत नाही. सगळी मेख वाफेत आहे. कमी लागली तर पोटात पांढरा राहतो, जास्त लागली तर लाल पडतो. घड्याळ पाहून हे काम होत नाही. धान कोणत्या बांधीतला, म्हणजे कोणत्या शेतातला, जुना का नवा, पाऊस खाल्लेला का कोरडा, तशी वेळ बदलते. मिस्त्री वास घेतो. आधी ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास येतो. मग हळूहळू उकडलेल्या शिंगाड्याचा येतो. तो आला की चाक फिरवून वाफ बंद. त्यानंतर थांबलात तर गेलं सगळं.

मी अठरा वर्षं तो वास घेतला. शेठ पाहुण्यांना दाखवायचा, "ये हमारा मिस्त्री, इसकी नाक में मीटर लगा है." मी पण फुगायचो. खोटं कशाला सांगू?

हौदाला लागून वर एक पाट आहे, पाच पायऱ्या चढून जावं लागतं. तिथे मिस्त्री उभा राहतो. बाया खाली पटांगणात, उकडलेला धान पसरायचा, पायानं रेषा ओढत उलटायचा, गोळा करायचा. पाटावर बाई चढत नाही, असा मिलचा रिवाज. का, तर म्हणे मशीनच्या पट्ट्यात साडी अडकते. तो पट्टा काढून टाकला त्याला माझ्यादेखत बारा वर्षं झाली. पट्टा गेला, रिवाज राहिला, अन् मी कधी विचारलं पण नाही.

बॉयलरवाल्याला सूट

लॉकडाऊन लागला तेव्हा सगळं बंद पडलं, आमची मिल नाही. राशनचा तांदूळ पाहिजे होता. पण बिहारचे हमाल गेले, छत्तीसगडचे देवरीच्या रस्त्यानं पायी गेले. उरलेल्यांनी बारा-बारा तास काम ओढलं. दुसरी लाट आली तेव्हा तर कोणी शिंकलं तरी गेटवरूनच परत. शेठनं सांगून ठेवलं होतं, "जिसको बुखार, वो घर. और घर मतलब घर, वापस नहीं." त्यामुळे कोणी खोकलाच नाही. खोकला आला की लोक कोंड्याच्या ढिगामागे जाऊन खोकायचे.

गेटवर चौकीदार कपाळाला बंदूक लावून ताप मोजायचा. आता आमची गंमत पाहा. मी अन् बॉयलरवाले, आम्ही बाहेर जाऊन परत आलो की बंदूक लालच दाखवायची, कारण आम्ही दिवसभर भट्टीजवळ भाजलेले. पहिले दोन दिवस त्यानं आम्हाला कडुलिंबाखाली बसवलं, थंड झालो की पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी कंटाळला. "जाऊ द्या, हे बॉयलरवाले होत," म्हणून सोडायला लागला. म्हणून मला खरा ताप आला तेव्हा बंदुकीनं बरोबर सांगितलं, आम्ही दोघं हसलो अन् मी आत गेलो. तीन दिवस असा आत गेलो. अंग दुखलं तर म्हटलं बारा तासांचं आहे. घाम फुटला तर म्हटलं भट्टीचा आहे. या कामातल्या माणसाशिवाय दुसरा कोणी इतका मूर्खपणा करणार नाही.

ज्या दिवशी कळलं

लोकांचं निदान डॉक्टर करतो. माझं एका हौदानं केलं.

सकाळचे दहा वाजले असतील. वाफ सोडली अन् पाटावर उभा राहिलो. वास येईना. मला वाटलं वाफ कमी आहे, बॉयलरवाल्याला ओरडलो, "अबे भट्टीत कोंडा टाक, झोपला का?" त्यानं टाकला. तरी वास येईना. तणसाचा नाही, शिंगाड्याचा नाही, कशाचाच नाही. मी मनात म्हटलं, हा धान कोण्या जातीचा आहे बाप्पा, शिजतच नाही. वाट पाहत राहिलो.

खालून शकुनबाई ओरडली. शकुनबाई म्हणजे वाळवणाच्या बायांची म्होरकी. माझ्यापेक्षा एक वर्ष आधी मिलमध्ये लागलेली, नवरा नसलेली, कोणाच्या बापाला न भिणारी. "मिस्त्री! धान जळून राहिला! काऊन उभे आहात जी?"

मी खाली पाहिलं. बायांनी पदर नाकाला लावले होते. बॉयलरवाला माझ्याकडे पाहत होता. हौदातून करपट वाफ निघत होती अन् माझ्या नाकाला तिची खबर नव्हती. मी पाटावरच खाली बसलो. ताप, अंगदुखी, सगळं एका क्षणात समजलं. मरणाची भीती नंतर आली. आधी वाटलं, आता मी मिस्त्री राहिलो नाही.

पालथा

दवाखान्यात तेरा दिवस होतो. तपासण्या, इंजेक्शनं, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मी दुसरंच सांगतो.

माझ्या पलंगाजवळ एक बाटली होती, तिच्यातून ऑक्सिजन जाताना पाण्यात बुडबुडे यायचे. मी तासन् तास ते पाहत राहायचो. जन्मभर वाफ हाताळली, चाक फिरवलं की वाफ कमी-जास्त. अन् इथे एक चाक दुसऱ्याच्या हातात, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी. प्रत्येक बुडबुडा म्हणजे मी अजून आहे. छातीत हवा येते ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. मी त्या बुडबुड्यांना हात जोडले. माझ्या घरात भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, मी नवस-सायास मानत नाही. पण हात जोडले गेले, त्याला मी काय करू?

बाजूच्या पलंगावर सोमाजी होता, बोदलकसाचा ढिवर, तलावावर मासे धरणारा. मी श्वासासाठी धडपडायला लागलो की तो तोंडावरचा मास्क सरकवून सांगायचा, "पालथा हो गा. घाबरू नोको. पान्यात बुडी मारल्यावर जो वर याची घाई करते, तोच मरते. छाती ढिली सोड, हळू हळू घे." डॉक्टरही पालथं झोपा म्हणायचे, पण मला समजलं ते सोमाजीचं. एक माणूस स्वतः बुडत असताना दुसऱ्याला पोहायला शिकवत होता. मला अजून त्याचं नवल वाटतं.

सिस्टर देवरीकडची होती. सगळ्या एकाच पांढऱ्या सुटात, ओळखू येत नाहीत म्हणून पाठीवर पेननं नाव लिहून घ्यायच्या. मला भरवताना म्हणायची, "काका, दोनच घास." तीन घास झाले तरी दोनच म्हणायची. एकदा विचारलं, पोरं आहेत का? म्हणाली, आहेत, महिना झाला पाहिलं नाही, फोनवर पाहते. अन् नोकरी? "कंत्राटी आहे काका. लाट गेली का आमीबी गेलो." हे तिनं हसून सांगितलं अन् चौथा घास भरवला. जिची नोकरी उद्या नाही ती माझा आजचा दिवस ओढत होती.

घर

घरी आलो तर वनिता, माझी बायको, दारात उभी. तिलाही होऊन गेला होता, घरीच निभावला. शेजाऱ्यांनी पंधरा दिवस हापशीवर येऊ दिलं नव्हतं. मी आलो म्हणून रडेल वाटलं. ती म्हणाली, "तीन दिवस ताप लपवून काम केलं ना? शेठ आला होता का तुमाले पाहाले?" अन् मग रडली.

मला वरण-भात दिला. मी खाल्ला. पाण्यात भिजवलेला कागद खाल्ल्यासारखं लागलं. पुढे सोमाजी बरा होऊन मासे घेऊन आला. वनितानं पदर नाकाला लावून ते धुतले, मांजरं दाराशी गोळा झाली, अन् मी माशाला नाकाशी धरून बसलो होतो. काही नाही. सोमाजी म्हणाला, "येईल गा, वापस येईल." मी त्याला शिवी दिली. तो हसला, कारण शिवी देण्याइतका श्वास मला पुरला होता.

वनिता म्हणायची, शेठला सांगून टाका. मी म्हणायचो, सांगितल्यावर काय करू? हमाली? पाच पायऱ्या चढलो तर दम लागतो, पोतं काय उचलू? मिलमध्ये मला एकच काम येत होतं अन् त्या कामाचं हत्यार हरवलं होतं. दोघं भांडायचो.

शकुनबाईचं उठणं

माणसं मिळत नव्हती म्हणून महिन्याभरानं शेठनंच बोलावलं. गेटवर भेटला. "मिस्त्री, वो जला हुआ टाकी माफ. बीमारी थी. नाक तो अब ठीक है ना? एक ठेकेदार नया मिस्त्री भेज रहा है, मैंने रोक रखा है."

मी म्हणालो, "ठीक है शेठ."

पाटावर चढलो. वाफ सोडली. मी धान हातावर घेऊन चोळला, दातानं फोडला, पण हात अन् दात उशिरा सांगतात, नाक आधी सांगतं. काय करावं म्हणून खाली पाहिलं, तर शकुनबाई सावलीतून उठली. पदर कमरेला खोचला, टोपली उचलली. मी धान पुन्हा दाताखाली घेतला. झाला होता! चाक फिरवलं. धान असा निघाला की शेठनं ओंजळीत घेऊन मान हलवली.

दुसऱ्या हौदाला पुन्हा तसंच. ती उठली अन् मी चाक फिरवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई माझ्या हाकेची कधी वाट पाहतच नव्हती. अठरा वर्षं मी वरून ओरडायचो "चला बायांनो," अन् ती आधीच उभी असायची. मला वाटायचं, बाई कामसू आहे. अरे, तिला खाली तीस हातांवर, तोंडाला फडकं बांधून, मला वर जे कळत होतं ते कळत होतं! कोणी शिकवलं नाही, कोणी विचारलं नाही, कोणी पाहुण्यांना दाखवलं नाही. मी त्या पाटावर उभा राहून खाली पाहत होतो, अन् खरं सांगतो, मला लहान झाल्यासारखं वाटलं.

अन् तरी मी काय केलं? गपचूप तिच्या उठण्यावर नोकरी चालवली. आठ दिवस.

नवव्या दिवशी ती उठली नाही.

वाफ चालू. ती पाय लांब करून बसलेली, माझ्याकडे टक लावून. बाकीच्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. मी अंदाजानं चाक फिरवलं, धान कच्चा राहिला, पुन्हा वाफ द्यावी लागली. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ गेलो.

"काऊन नाई उठलीस वो?"

"माहे पाय दुखत होते."

"शकुनबाई..."

"मिस्त्री, माह्या उठन्यावर वाफ बंद करून राहिले ना तुमी? आंधळी होय का मी? तोंडानं विचाराले काय जीभ झडते?"

माझी मान खाली गेली. मी सगळं सांगितलं, मासे पण सांगितले. ती ऐकत होती. मला वाटलं आता दोन शिव्या देईल. तिनं तिच्या डब्यातली आंब्याची फोड माझ्या हातावर ठेवली, "खट्टं तरी लागते का?" खट्टं लागलं. डोळ्यांत पाणी आलं, खट्ट्यानं म्हणा का कशानं म्हणा.

"सांगीन मी तुमाले," ती म्हणाली. "पन खालून नाई. इशारे कराले मी काय चोर होय? वर बलवायचं. शेठसमोर बलवायचं."

"शेठ मले काढील."

"नाई बलवलं तर धान काढील तुमाले. पाहा."

वर या

दोन दिवस मी टाळलं, दाणे दातानं फोडत अंदाजानं कसाबसा धान काढला. तिसऱ्या दिवशी राशनचा मोठा माल होता अन् शेठ स्वतः पटांगणात खुर्ची टाकून बसला. पाऊस खाल्लेला धान, सगळ्यात अवघड. वाफ सुटली. शकुनबाई सावलीत बसलेली, हात मांडीवर.

मी चाकाला हात लावला. काढला. पुन्हा लावला. दवाखान्यात नव्हती अशी भीती वाटली. मग मला सोमाजीचं वाक्य आठवलं, छाती ढिली सोड. मी सोडली अन् ओरडलो, "शकुनबाई, वर या!"

ती उठली, पदर खोचला अन् एक-एक पायरी चढून पाटावर आली. शेठ खुर्चीतून उठला. "ये क्या तमाशा है? औरत को ऊपर क्यों चढ़ाया?"

"शेठ, मेरी नाक गई," मी म्हणालो. हिंदी तुटकी, पण आवाज मोठा निघाला. "बीमारी में गई, वापस नहीं आई. आठ दिन आपका धान इसकी नाक पे निकला है. मुझे रखना है तो रखो, निकालना है तो निकालो, पर ये टाकी पहले होने दो."

शेठ काही बोलणार तेवढ्यात शकुनबाईनं हात वर केला. शेठला! "थांबा जी." शेठ थांबला. तिनं फडकं खाली केलं, पण हौदावर वाकली नाही, डोळे पण मिटले नाहीत, सरळ उभी राहिली भाजीच्या कढईजवळ उभी राहते तशी. मी चाक धरून तिच्याकडे पाहत होतो. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

"बंद करा."

मी फिरवलं.

धान निघाला. शेठनं एक दाणा दाताखाली घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो म्हणाला, "साड़ी संभाल के चढ़ना," अन् ऑफिसात गेला. तेवढंच. बाया अशा ओरडल्या की रस्त्यावरचे लोक गेटपाशी आले.

त्या दिवसापासून पाटावर आम्ही दोघं. तिचं नाक, माझा हात. तिचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, वाढवायला शेठनं दोन महिने टाळाटाळ केली, तेव्हा ती परत सावलीत जाऊन बसली, पाय लांब करून. एका दिवसात वाढला.

नवा धान

दिवाळी होऊन नवा धान आला. सात-आठ महिने मी वासाशिवाय काढले. सवय होते, पण दुःख जात नाही, हे ज्यांचं नाक गेलंय त्यांना सांगतो. नातवाच्या टाळूचा वास येत नाही. विहारात अगरबत्ती पेटली की नाही ते डोळ्यांनी पाहावं लागतं. लाजू नका, घरच्यांना सांगा, गॅस कोणाला तरी बघायला सांगा. अन् कामावर सांगा. भीती वाटेल. तरी सांगा.

त्या सकाळी पहिलाच हौद होता. शकुनबाई बाजूला उभी, कोणत्या तरी बाईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. मी चाकाला हात लावून ऐकत होतो. अन् आला. आधी वाटलं भास आहे. तणस. ओलं तणस, अगदी बारीक, दाराच्या फटीतून आल्यासारखं. मी श्वास धरला. सोडला. पुन्हा घेतला. मग गोड, गरम, उकडलेला शिंगाडा. माझा हात आपोआप फिरायला लागला अन् त्याच क्षणाला ती म्हणाली, "बंद करा."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे डोळे वाहत होते. तिला सांगावं नाही लागलं.

"आला?"

"आला वो."

खाली पटांगणात बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. तिनं फडकं तोंडावर ओढलं, पदर कमरेतून सोडला अन् पायऱ्यांकडे वळली.

"मंग उतरतो मी."

"कायले?"

"तुमचं नाक आलं ना."

"आलं," मी म्हणालो. "पन तुहं गेलं काय? राहा उभी."